कृष्णाकाठचा वारसा : तुम्ही काय जपलंत?

परवा वाईत घाटाच्या सांध्यांतली पिंपळाची रोपं काढत होतो. कपडे वाळत घालणाऱ्या आजींनी विचारलं, "मुळं राहिली का रे आत?" राहिली होती. काठावरचे घाट, देवळं, उत्सव, गाणी जपताना तुम्ही स्वतः काय केलंत, काय फसलं, ते लिहा. कृष्णाकाठच्या सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण.

वाईच्या गंगापुरीतून
कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव आमच्याकडे सात घाटांवर पाळीपाळीने होतो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी, १६५९ साली, बोललेल्या नवसातून तो सुरू झाला असं मोठी माणसं सांगतात. प्रसादाला थर्माकोल आला तेव्हा मला फार लागलं. पत्रावळी आणू म्हटलं तर "आमटी गळते" यावर दोन बैठका गेल्या. शेवटी पत्रावळींसोबत स्टीलच्या वाट्या भाड्याने आणल्या. घासायला आम्ही नऊजण बसलो, पिंपातल्या पाण्यावर. नदीत एकही वाटी बुडवली नाही.

मेणवलीहून
नाना फडणवीसांचा घाट बघायला येणारे आधी शूटिंगची जागा विचारतात. मी घंटेपाशी नेतो. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली ही पोर्तुगीज घंटा. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "मग ही महादेवाच्या देवळापाशी कशी?" त्या दिवशी सहल तासभर तिथेच थांबली.

गणपती आळीजवळून
वाईतल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी दोन्हीकडे फाकावं म्हणून. बांधणाऱ्यांनी पाण्याचा इतका विचार केला, आणि आम्ही शेजारच्या लहान देवळाला ऑइलपेंट फासला! आतली ओल अडकली, दगडाचे पापुद्रे सुटले. रंग काढायला तारेचा ब्रश घेतला, त्यात कोरीव वेलही झिजली. कृपा करून असं करू नका. आधी जाणकाराला दाखवा.

पुण्याहून, माहेर कृष्णाकाठचं
आजीच्या कृष्णामाईवरच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड करायच्या होत्या. तिला दोनच आठवल्या. मामाने माळ्यावरचं जातं उतरवलं. तिने मूठभर तांदळाची वैरण घातली, खुंटा धरला आणि चौदा ओव्या म्हटल्या. मधे थांबून एकदाच म्हणाली, "तू पण धर की." रेकॉर्डिंगमध्ये तिथून पुढे माझाही श्वास ऐकू येतो.