शब्दचर्चा : 'नादी लागणे' की 'जीव लावणे'?

शहापूर, बेळगाव : माझा भाचा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, नववीत. वर्गातल्या एकाच मुलाशी गट्टी. दोघांचं बोलणं सगळं रेल्वेवर, राणी चन्नम्मा एक्सप्रेस आज किती लेट यावर तासभर जातो. तो मुलगा शाळेत आला नाही की हा डबा उघडत नाही, संध्याकाळी फोनवर फोन. घरात म्हणतात, 'त्याच्या नादी लागलाय.' मला ते खटकतं. दुसरा शब्द आहे का?

निपाणीकर : खटकणारच. शर्यतीचा नाद, पत्त्यांचा नाद इथवर ठीक. पण माणसाच्या 'नादी लागला' म्हटलं की समोरच्यानं बिघडवलं असा आरोप आला. बिचारा मित्र फुकट बदनाम. 'लळा' म्हणा की.

खानापूर (निवृत्त मराठी शिक्षक) : लळ्यात एक मोठा नि एक लहान असतो. वासराला लळा लागतो, नातवाला आजीचा लागतो. बरोबरीच्या पोरांना तो तोकडा. 'आसक्ती' कीर्तनातली, सोडून द्या म्हणून सांगितलेली. 'जीव जडला' म्हणाल तर गल्लीत वेगळीच चर्चा सुरू होईल. ताई, मी 'जीव लावतो' म्हणेन. आणि मित्र आला नाही त्या दिवसासाठी मराठीत जुना प्रयोग आहेच : 'जीव लागून राहतो.' पोरगं घरी येईपर्यंत आईचा राहतो तसा. इथल्या कानडीतही हेच, 'भाळ हच्कोंडान', म्हणजे फार जीव लावलाय. हच्चु म्हणजे लावणे. कुंकू हच्चु, दीपा हच्चु. दोन्ही भाषांत कुंकू, दिवा आणि माया एकाच क्रियापदानं लागते.

टिळकवाडी (विशेष शिक्षिका) : गंमत म्हणजे नाव 'स्वमग्न' आणि हा दुसऱ्यात मग्न. ऑटिझम शब्दाच्या मुळाशी 'स्वतः' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी तो स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात घडवला, १९४३ साली बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी मुलांचं वर्णन करताना वापरला, आणि मराठीत त्याचं 'स्वमग्न' झालं. मैत्री समजायला मला डायना मरे आणि सहकाऱ्यांची २००५ मधली मोनोट्रोपिझमची मांडणी जास्त उपयोगी वाटते. एका वेळी मोजक्याच गोष्टींत लक्ष गुंततं, पण गुंततं ते पुरतं. कुणाचं रेल्वेत, कुणाचं एका माणसात. त्यातून मध्येच बाहेर ओढलं की त्रास होतो. आपला 'एकतान' हा शब्द इथे छान बसतो.

चंदगड रोड : शब्द गोड आहेत, पण मित्राचं काय? माझ्या मुलीला अशाच मैत्रिणीचे फोन येऊलालते. तिला त्याचा जाच होतो.

खानापूर : मग 'जाच' म्हणायचं. माया खरी आणि जाचही खरा.

हिंडलगा : मी स्वतः स्वमग्न आहे, नोकरी करतो. उत्तर आलं नाही की मैत्री संपली असंच मला वाटायचं. मधलं काही दिसायचंच नाही. त्यात आपली बोली! निघताना लोक 'येतो' म्हणतात. शाळेत असताना मित्र बसस्टॉपवर 'येतो' म्हणून गेला आणि मी अंधार पडेपर्यंत तिथेच. 'बघू की' म्हणजे नाही, हेही फार उशिरा कळलं. चंदगड रोड, तुमच्या मुलीनं तिला सरळ सांगावं, 'रोज एकदाच, सातला, अर्धा तास. रविवारी नाही.' वाईट वाटतं, पण ते सोपं असतं. न सांगता फोन उचलणं बंद केलं की आम्ही आणखी फोन करतो.

शहापूर, बेळगाव : हे फार उपयोगी पडलं. वर्गशिक्षिका घरी कानडी बोलतात, त्यांना 'हच्कोंडान' म्हणूनच सांगते. मित्र येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा, हेही. फक्त 'येतो'ला काय करू? 'जातो' म्हटलं तर आमची आजी ओरडते.

हिंडलगा : 'येतो, उद्या साडेआठला' म्हणा. आजीही खूश.