अळवाच्या टोकाचा थेंब : दव, बाष्पोत्सर्जन की बिंदुस्राव?

स्वयंपाकघराच्या खिडकीत, आतल्या बाजूला, कुंडीत अळू आहे. सकाळी पानापानाच्या टोकाला थेंब लोंबत असतो. मुलीनं वहीत ‘दव’ लिहिलं, बाईंनी खोडून ‘बाष्पोत्सर्जन’ केलं. घरात दव कुठून येणार, हे कळतं. पण डोळ्यांना दिसणाऱ्या थेंबाला बाष्प कसं म्हणायचं?

— शंका रास्त आहे. दोन्ही शब्द चुकले. बाष्पोत्सर्जनात पाणी पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून, वाफ होऊन जातं, ते दिसत नाही. फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधून उन्हात ठेवली की ती आतून ओली होते, तेवढाच पुरावा. तुमचा थेंब म्हणजे बिंदुस्राव. रात्री पर्णरंध्रं मिटलेली असतात, मुळं मात्र क्षार घेतच राहतात आणि क्षारांमागून पाणी आत शिरतं. त्या मूलदाबानं वर रेटलेलं पाणी पानाच्या टोकाशी किंवा कडेला जलरंध्रांतून पाझरतं. दव हवेतलं, हे मातीतलं. त्यात क्षार असतात, म्हणून वाळल्यावर कधीकधी पांढुरका डाग राहतो.

— बाष्पोत्सर्जनासाठी ‘बाष्पोच्छ्वास’ही वाचलाय. त्यातल्या उच्छ्वासामुळे झाड श्वास सोडतंय असं वाटतं. श्वसन तर वेगळंच. ‘उत्सर्जन’ तरी कुठे निर्दोष? शरीरशास्त्रात ते टाकाऊ पदार्थांसाठी वापरतात. इथे पानांतून वाफ जाते म्हणूनच मुळांकडचं पाणी उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत ओढलं जातं. पाण्याच्या कणांची एकमेकांना धरून राहणारी ही साखळी डिक्सन आणि जोली या आयरिश शास्त्रज्ञांनी १८९४ साली मांडली. क्रियापदं लक्षात ठेवा : बाष्पोत्सर्जनात पाणी वरून ओढलं जातं, बिंदुस्रावात खालून ढकललं जातं.

— शेतीच्या लेखांत याच अर्थी ‘पर्णोत्सर्जन’ दिसतं. ठिबकनं किती पाणी द्यायचं याच्या हिशेबात ‘बाष्पपर्णोत्सर्जन’ येतं : मातीतून उडालेलं अधिक पानांतून गेलेलं. जीभ अडखळते, पण शब्द चोख आहे.

— गंमत म्हणजे ‘अळवावरचं पाणी’ आपण क्षणभंगुर गोष्टीला म्हणतो. ते वरून पडलेलं, मेणचट पानावर न ठरणारं. टोकाचा थेंब मात्र पानाचा स्वतःचा.

मग वहीत काय लिहू?

— बिंदुस्राव. आणि दोन दिवस कुंडीला पाणी देऊ नका, थेंब येतो का ते मुलीलाच बघू दे.