आपली सोसायटी, बेळगाव (फक्त कामाचे मेसेज)

किणेकर (बी-१०४): सुप्रभात. माझ्या गाडीच्या बॉनेटवर आज परत तेच. फोटो टाकलाय, मोठा करून बघावा.

किणेकर: कबुतराचं नाही. पेस्टचा फेस आहे. गॅलरीत उभं राहून दात कोण घासतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नाव घेत नाही.

मुतगेकर (बी-३०४): नाव घेत नाही, पण फोटोत आमची गॅलरी बरी आली.

सांबरेकर काकू: सुप्रभात. आजचा दिवस आनंदात जावो.

अनगोळकर (ए-२०१): टाकी धुवायची तारीख कळवावी. मीटिंगमध्ये ठरलं होतं.

चौगुले अण्णा: फेस गुलाबी दिसायलाय की.

येळ्ळूरकर वहिनी: शी! पोहे पुढ्यात आहेत माझ्या.

डॉ. देसाई (सी-३०२): गुलाबी असेल तर रक्त आहे. ज्यांचं असेल त्यांनी हिरड्या दाखवून घ्या. गाडीचं नंतर बघू.

किणेकर: गाडीचं नंतर का म्हणून?

मुतगेकर: डॉक्टर, आता बॉनेटवरनं निदान करायलात काय?

डॉ. देसाई: निदान नाही करत. घासताना रक्त येणं बरं नव्हे एवढंच सांगते. कुणाच्याही हिरडीतनं येवो.

चौगुले अण्णा: जोरात घासलं की सगळ्यांचंच येतं वो. माझं डाव्या बाजूला येतं, म्हणून तिकडं मी ब्रशच लावत नाही.

डॉ. देसाई: अण्णा, तिकडंच लावायला पाहिजे. हिरडीच्या कडेला चिकट थर बसतो, तो निघाला नाही की हिरडी सुजते, आणि सुजलेली हिरडी नुसत्या स्पर्शानं रक्त सोडते. तुम्ही ती बाजू सोडली की थर वाढतो, रक्तही वाढतं. मऊ ब्रश घ्या, हिरडीकडे तिरका धरा, हळू, पण रोज. आठ-पंधरा दिवसांत रक्त कमी व्हायला पाहिजे. नाही झालं तर दाखवा. आणि तुमची शुगर वाढलीय ना? शुगर ताब्यात नसली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की शुगर ताब्यात यायला त्रास देते.

चौगुले अण्णा: शुगरचं ग्रुपवर कशाला ओ काढलात.

किणेकर: विषय भरकटायलाय. मुद्दा माझ्या गाडीचा आहे.

हिरेमठ सर: किणेकर साहेब, गाडी व्हिजिटर पार्किंगमध्ये आहे की.

किणेकर: सर, माझ्या जागेवर सिमेंटची पोती कोणाची आहेत ते विचारा आधी.

मुतगेकर: दोन दिवसांत उचलतो म्हटलंय की.

किणेकर: हे गणपतीत म्हटलेलं.

अनगोळकर: टाकी धुवायची तारीख कळवावी.

सांबरेकर काकू: *पुढे पाठवलेला मेसेज* लवंगेचं तेल, सैंधव मीठ आणि मोहरीचं तेल एकत्र करून किडलेल्या दातात भरा. कीड मुळासकट पडते. डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत. १० ग्रुपना पाठवा.

डॉ. देसाई: काकू, डॉक्टर सांगतेय. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, त्यानं ठणका थोडा वेळ बधिर होतो. आम्ही दातात भरतो त्या काही तात्पुरत्या सिमेंटमध्येही तेच असतं. पण दाताला पडलेला खड्डा तेलानं बुजत नाही, तो आतनं खोल होत जातो. आणि तेल नुसतं ओतलं तर हिरडी भाजते. तशीच दुखऱ्या दाताशी ॲस्पिरिनची गोळी दाबून धरणारे लोक आहेत, तिथली कातडी पांढरी होऊन सोलते.

सांबरेकर काकू: आमच्या सासूबाई म्हातारपणी गोकाकचं करदंट चावून खायच्या. पेस्ट बघितली नव्हती जन्मात. मशेरी लावायच्या फक्त.

येळ्ळूरकर वहिनी: करदंटाचं नाव काढू नका. माझं फिलिंग त्यातच गेलं. गूळ आणि डिंकाला चिकटून आख्खं वर आलं, मला वाटलं अंजीर आहे.

चौगुले अण्णा: गिळलात काय?

येळ्ळूरकर वहिनी: अण्णा!

डॉ. देसाई: मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. लावल्यावर बरं वाटतं ते निकोटिनमुळं. पांढरा चट्टा, तोंडातली न भरणारी जखम, कमी उघडणारा जबडा, यातलं काही असलं तर थांबू नका. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतनं उलट रक्त कमी येतं, म्हणून रोग झाकला जातो. त्यांनी रक्त नाही म्हणून खूश राहू नये.

मुतगेकर: आमचं आजोळ निपाणीचं. अर्धी पेठ तंबाखूवर जगली. आता सगळं वाईट झालं काय?

डॉ. देसाई: पिकवून आणि विकून जगली. तोंडात धरून नव्हे.

हिरेमठ सर: हे बरं सांगितलात री.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना विनंती, गॅलरीतून थुंकू नये. आज गेटवर नोटीस लावतो.

किणेकर: नोटीस मराठीतच पाहिजे. मागची फक्त कन्नडमध्ये होती.

मुतगेकर: दोन्ही लावा, वर मराठी.

हिरेमठ सर: थुंकणारा कुठल्या भाषेत थुंकतो ते बघा की आधी.

सेक्रेटरी: चित्र काढून लावतो.

अनगोळकर: बोअरच्या पाण्यात फ्लोराईड असतं, त्यानं दात पिवळे पडतात. म्हणून म्हणतोय टाकी धुवा.

डॉ. देसाई: काका, फ्लोराईड पाण्यात विरघळलेलं असतं. टाकी धुऊन जात नाही. बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या, लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर नको. आणि त्याचे डाग लहानपणी दात तयार होत असताना पडतात, आता आपल्याला नाही पडत. पेस्टमध्ये मात्र फ्लोराईड पाहिजेच. साधारण १००० पीपीएम, डब्यावर बारीक छापलेलं असतं. घासून झाल्यावर थुंका, पण चार-चार चुळा भरून सगळी पेस्ट धुऊन टाकू नका.

किणेकर: थुंका कुठे ते पण सांगा.

अनगोळकर: तरीपण टाकी धुवायची तारीख कळवावी.

किणेकर: बाय द वे डॉक्टर, मी हार्ड ब्रश वापरतो, दोन वेळा, दाबून. तरी थंड पाणी झोंबतं.

डॉ. देसाई: तरी नाही, त्यामुळंच असेल. हिरडीजवळ दात घासून खाच पडते. एकदा दाखवा. मऊ ब्रश, दोन मिनिटं, आणि रात्रीचं घासणं चुकवू नका. झोपेत लाळ कमी सुटते, तेव्हा दाताला कोणी राखण नसते.

येळ्ळूरकर वहिनी: दात साफ करून घेतले की हलायला लागतात हे खरं काय? आमच्या भावजींचे दोन गेले तसे. त्या क्लिनिकचं नाव घेत नाही.

चौगुले अण्णा: मी त्याच भीतीनं जात नाही.

डॉ. देसाई: भावजींचे दात आधीच हलत असणार. हाड झिजलेलं, आणि कीटणानं, म्हणजे दातावर साचून दगड झालेल्या थरानं, शेजारच्या दाताला जखडून ठेवलेलं. कीटण काढलं की खरी परिस्थिती दिसते. साफ केल्यावर फटी वाटतात, चार दिवस थंड झोंबतं, बस. बरं, एक करा सगळ्यांनी. आरशासमोर उभे राहा, जीभ मागं घ्या आणि चमचा उलटा धरून खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू बघा. तिथं लाळेच्या नळीचं तोंड असतं, म्हणून कीटण पहिलं तिथं बसतं. ब्रशनं निघत नाही ते, कितीही घासा.

येळ्ळूरकर वहिनी: बघितलं. पिवळट कड आहे. चहाचं असेल.

डॉ. देसाई: नखानं खरवडा. दगडासारखं लागतं काय?

येळ्ळूरकर वहिनी: ...

हिरेमठ सर: आमच्याकडे पण आहे.

चौगुले अण्णा: मला चमच्यात कवळीच दिसायली. वरची.

सांबरेकर काकू: *हा मेसेज डिलीट केला गेला*

किणेकर: काकू, आम्ही वाचला.

येळ्ळूरकर वहिनी: डॉक्टर, आमच्या ह्यांची दाढ रात्रीपासून दुखायलीय. घरात मागच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या आहेत. देऊ?

डॉ. देसाई: नको. दाताच्या आतली नस दुखत असेल तर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, दातच बघायला लागतो. गाल सुजलाय का? तोंड उघडत नाही, घोट गिळवत नाही, ताप आहे, यातलं काही?

येळ्ळूरकर वहिनी: सूज नाही. जेवायला उठले नाहीत फक्त.

डॉ. देसाई: मग आज संध्याकाळपर्यंत दाखवा. सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली उतरायला लागली तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल. क्लिनिक उघडायची वाट बघू नका.

मुतगेकर: खर्च पण सांगा की. रूट कॅनल म्हटलं की घर गहाण पडतं.

डॉ. देसाई: आपल्या गावात दोन डेंटल कॉलेजं आहेत, केएलई आणि मराठा मंडळ. शिकणारी मुलं करतात, वर शिक्षक उभे असतात. फी बाहेरच्यापेक्षा कमी. फेऱ्या जास्त होतात आणि नंबर लावून बसायला लागतं.

हिरेमठ सर: मी शनिवारी जातोय. गाडीत दोघांची जागा आहे. अण्णा?

चौगुले अण्णा: येतो. पण आधीच सांगतो, काढायचं म्हटलं तर उठून येणार.

मुतगेकर: मलाही यायचं होतं. मिसेसना दाखवायचंय.

किणेकर: मिसेसना.

मुतगेकर: होय. मिसेसना. पोती पण शनिवारीच उचलतो.

डॉ. देसाई: अण्णा, जाताना शुगरचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या. रक्त पातळ करायची गोळी असेल तर स्वतःहून बंद करून जाऊ नका, तिथल्या डॉक्टरांना सांगा.

चौगुले अण्णा: डॉक्टर, शुगरचं ग्रुपवर नको म्हटलेलं की वो.