सिराक्यूजच्या बर्फासाठी १२ हजारात सेकंडहँड एडब्ल्यूडी: फॉरेस्टर, रॅव्ह४ की सीआर-व्ही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गाड्यांमधलं ज्यांना कळतं त्यांनी प्लीज जरा डोकं चालवा, आमचं दोघांचं चालेनासं झालंय.

आम्ही या उन्हाळ्यात ह्यूस्टनहून सिराक्यूजला आलो, अपस्टेट न्यूयॉर्क. नवऱ्याची नोकरी ऑस्वेगोच्या पुढे प्लँटमध्ये, रोज एका बाजूने ३५-४० मैल, ४८१ नंबरच्या रस्त्याने फुल्टनवरून, आणि शिफ्ट पहाटेची, म्हणजे बर्फ हटवणारे प्लाऊवाले यायच्या आधी हा रस्त्यावर. इकडे लेक ऑन्टारिओवरून जो लेक इफेक्ट बर्फ येतो तो पट्ट्यापट्ट्याने येतो म्हणे, सिराक्यूजला चक्क ऊन आणि फुल्टनला स्वतःचं बॉनेट दिसत नाही. वर्षाला १०० इंचाच्या वर बर्फ इथे नेहमीचाच, ऑस्वेगोकडे त्याहून जास्त. भेटेल तो माणूस नाव-गाव विचारायच्या आधी हेच सांगून घाबरवतोय.

सध्या एकच गाडी आहे, ह्यूस्टनची कोरोला, ती माझ्याकडे राहील, गावातल्या गावात, मुलाची शाळा वगैरे. नवऱ्यासाठी एडब्ल्यूडी, म्हणजे चारी चाकांना ताकद देणारी गाडी घ्यायची आहे. बजेट १२ हजार डॉलर सगळं धरून, म्हणजे ८ टक्के सेल्स टॅक्स, रजिस्ट्रेशन, विंटर टायर सगळं त्यातच बसवायचंय. लोन नको, व्हिसाचं काही खरं नाही म्हणून हप्ता मागे लावून घ्यायचा नाही असं ठरवलंय, त्यावर कृपया चर्चा नको. (बाबा साताऱ्याहून दर फोनला विचारतात, तिकडे बोलेरो मिळत नाही का. नाही मिळत हो बाबा.)

तीन गाड्या बघून ठेवल्यात.

२०१४ ची सुबारू फॉरेस्टर, १ लाख १८ हजार मैल, डीलरकडे, ९५०० ला. कारफॅक्सप्रमाणे (गाडीच्या जुन्या इतिहासाचा रिपोर्ट) गेल्या वर्षापर्यंत नॉर्थ कॅरोलिनात होती त्यामुळे खालून अगदी स्वच्छ. इथे दर तिसरी गाडी सुबारू दिसते म्हणजे काहीतरी असेलच ना त्यात?

दुसरी २०१२ ची रॅव्ह४, फोर व्हील ड्राइव्ह, २.५ लिटर इंजिन, १ लाख ३१ हजार मैल, बाल्डविन्सव्हिलचे एक रिटायर्ड आजोबा विकतायत, ९४०० म्हणतात. पहिल्यापासून त्यांचीच. प्रत्येक ऑइल चेंजची पावती फायलीत लावलेली आणि वर पेन्सिलने तेव्हा किती मैल झाले ते, आपल्या शाळेच्या प्रगतीपुस्तकासारखं. पण गाडी जन्मापासून इथलीच, म्हणजे इतके हिवाळे, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठात भिजलेली.

तिसरी सीआर-व्ही, २०१४, एडब्ल्यूडी, ९६ हजार मैल, दुसऱ्या एका डीलरकडे, ११,६००. चकाचक आहे, नवऱ्याचा जीव हिच्यावर जडलाय. टॅक्स धरला की साडेबाराच्या वर जाते, टायर अजून बाजूलाच.

तर या तिघींत कुठली घ्यावी, की तिन्ही सोडून द्याव्यात? आणि एडब्ल्यूडी असली तरी वेगळे विंटर टायर खरंच लागतात का, की टायरवाल्यांचा धंदा? हिच्यात ऑल सीझन टायर नवीनच आहेत असं सीआर-व्हीवाला डीलर सांगतोय.

---

खडूस_काका
मी याच पट्ट्यात राहतो, बफेलोच्या बाजूला. मॉडेलवर भांडत बसू नका, आधी गाडीच्या पोटाखाली बघा. इथे इंजिन मरत नाही, त्याच्या आधी खालचा सांगाडा गंजून जातो. दारांच्या खालची पट्टी म्हणजे रॉकर पॅनल, मागची सबफ्रेम (मागची चाकं जिला जोडलेली असतात ती चौकट), ब्रेक लाइन म्हणजे ब्रेकच्या तेलाच्या नळ्या, पेट्रोलची नळी या जागा. वरवरचा तांबूस गंज सगळ्यांनाच असतो, त्याला घाबरायचं नाही, पण स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर पापुद्रे पडले किंवा आवाज भद्द आला तर हात जोडून परत या. आणि इथे दरवर्षी इन्स्पेक्शन असतं, ब्रेक लाइन गळकी निघाली तर स्टिकर मिळत नाही.

त्या चकाचक सीआर-व्हीचे खालून फोटो टाका बघू.

मिनियापोलिसकर
टायरचा धंदा नाहीये हो तो. एडब्ल्यूडी गाडी हलवायला, चढ चढायला मदत करते, थांबवायला नाही. ब्रेक मारल्यावर सगळ्या गाड्या सारख्याच, तिथे फक्त रबर काय आहे तेवढंच कामाला येतं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ऑल सीझनचं रबर कडक व्हायला लागतं, विंटरचं मऊ राहतं. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाचा स्फटिक असं चिन्ह असतं, ते बघून घ्या, नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं म्हणजे काही खरं नाही. ब्लिझॅक, एक्स-आइस, हाक्कापेलिट्टा या विंटर टायरांतलं जे सेलमध्ये मिळेल ते. आणि माझं ऐकाल तर कोरोलालाही चार टाका, मुलाला घेऊन तुम्हीच जाणार आहात ना.

गुळपोळी
फॉरेस्टरबद्दल दोन गोष्टी. जुन्या सुबारूंच्या हेड गास्केट (इंजिनमधलं सील) गळायच्या गोष्टी ऐकाल, त्या ईजे नावाच्या जुन्या इंजिनच्या, २०१४ मध्ये ते इंजिन नाही, तेव्हा ते सोडा. पण २०११ ते २०१४ च्या फॉरेस्टर तेल पितात म्हणून अमेरिकेत क्लास अ‍ॅक्शन, म्हणजे गाडीमालकांचा सामूहिक दावा झाला होता आणि तडजोडही झाली. सगळ्याच पितात असं नाही, पण गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) स्वतः काढून बघा, डीलरला काढू देऊ नका. दुसरं, ऑटोमॅटिक फॉरेस्टरला २०१४ पासून सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा) गिअरबॉक्स आला, त्याची वॉरंटी कंपनीने बऱ्याच मॉडेल्सना १० वर्षं किंवा १ लाख मैल अशी वाढवून दिली होती, पण या गाडीचे मैल त्याच्या पुढे गेलेत. म्हणजे गेला तर खिशातून, आणि तो खर्च गाडीच्या अर्ध्या किमतीला सहज भिडतो. गाडी वाईट नाही, बर्फात तर मस्तच, ८.७ इंचाचा ग्राउंड क्लिअरन्स आहे, पण १२ हजार हीच शेवटची रेघ असेल तर हा जुगार आहे.

खडूस_काका
गुळपोळी यांना +१. आणि सुबारू बघताना चारी टायर एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले आहेत का ते बघा. एकच नवीन आणि तीन जुने असले की घेर वेगळा होतो आणि त्याचा ताण सगळा एडब्ल्यूडीवर येतो.

धागाकर्ती
सगळ्यांना खूप धन्यवाद!! सीआर-व्हीचे खालचे फोटो टाकलेत. खालून एकदम काळी कुळकुळीत आहे, डीलर म्हणाला अंडरकोटिंग (गंज लागू नये म्हणून खालून लेप) करून दिलंय, फ्री मध्ये.

खडूस_काका
बाई, फोटो जरा मोठा करून बघा. काळा रंग नटबोल्टवर, सायलेन्सर ज्या रबरावर लटकतो त्या रबरावर, अगदी वायरिंगच्या क्लिपवर सुद्धा उडालाय. काळजी घेऊन कोटिंग करणारा माणूस हे झाकून घेतो. हा विकायच्या आदल्या आठवड्यात मारलेला स्प्रे आहे. खाली काय आहे ते देव जाणे आणि तो डीलर. फुकट अंडरकोटिंग म्हटलं की मी उठून चालायला लागतो.

मिनियापोलिसकर
तरी सीआर-व्हीच्या बाजूने एक बोलतो, न्यूयॉर्कमध्ये यूज्ड कार लेमन लॉ (खराब गाडी गळ्यात पडू नये म्हणून कायदा) आहे, ८० हजार ते १ लाख मैलांच्या गाडीवर डीलरला ३० दिवस किंवा १००० मैल वॉरंटी द्यावीच लागते, इंजिन ट्रान्समिशन वगैरे त्यात येतं. गंजाला त्याचा उपयोग नाही. फॉरेस्टर १ लाखाच्या वर म्हणून तिला हे लागू नाही आणि आजोबांकडून घेतली तर मुळात लागूच नाही, प्रायव्हेट सेल. सीआर-व्हीचं २०१२ ते २०१४ चं इंजिन आणि साधा ५ गिअरचा ऑटोमॅटिक दोन्ही चांगले आहेत, थंडीत पहिल्या स्टार्टला सेकंदभर खर्रर्र करते, त्याचा पार्ट बदलता येतो. २०१५ ला सीव्हीटी आला, आणि २०१७ नंतरच्या टर्बोत तर थंड प्रदेशात इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल मिसळायच्या तक्रारी होत्या. थोडक्यात सीआर-व्ही हवीच तर हीच वर्षं, पण हीच गाडी नको.

रानजाई
रॅव्ह४ कडे कोणी बघतच नाहीये! २००६ ते २००८ च्या २.४ वाल्या तेल प्यायच्या, २००९ पासून २.५ आलं ते दणकट आहे. गिअरबॉक्स ४ गिअरचा, जुनापुराणा, मायलेज जरा कमी, पण बिघडायला त्यात फारसं काही नाही. फोर व्हील लॉकचं बटण आहे, ड्राइव्हवेमधून बाहेर पडताना दाबायचं, ताशी २५ मैलांच्या वर गेलात की आपोआप सुटतं. मागचं दार तेवढं बाजूला उघडतं आणि तेही फुटपाथच्या बाजूने अडवून, ते रोज चिडचिड करायला लावेल. आजोबांना सांगा की आम्ही आमच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून बघणार. हो म्हणाले तर अर्धं काम झालं. १५०-२०० डॉलर जातील, जाऊ द्या. आणि व्हीआयएन (गाडीचा ओळख नंबर) टाकून एनएचटीएसए या सरकारी वाहन सुरक्षा संस्थेच्या साइटवर रिकॉल (कंपनीने दोषामुळे परत बोलावलेली गाडी) बघा, ते फुकट आहे.

धागाकर्ती
अपडेट देते. सीआर-व्हीवाल्याला विचारलं की बाहेरच्या मेकॅनिककडे नेऊ का, तर तो म्हणाला इन्शुरन्समुळे गाडी लॉटबाहेर जाऊ शकत नाही. पण टेस्ट ड्राइव्हला गेली होती की!! नवऱ्याचं प्रेम तिथेच आटलं.

फॉरेस्टर सकाळी थंड असताना बघितली, डिपस्टिकवर तेल खालच्या खुणेच्याही खाली, आणि मागचा उजवा टायर वेगळ्याच कंपनीचा. डीलर म्हणतो ऑइल चेंज करून देतो, हा काही त्यावरचा उपाय झाला का?

रॅव्ह४ लिफ्टवर चढवली. आजोबा स्वतः आले, मेकॅनिकच्या शेजारी उभे राहून बॅटरी लावून दाखवत होते कुठे काय बदललंय ते. मागच्या ब्रेक लाइन आधीच बदललेल्या आहेत, पावती आहे. सबफ्रेमला वरवरचा गंज, ठोकून बघितला, टणक आहे. सायलेन्सरच्या जोडाची फ्लँज मात्र सडलीये, पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत. दोन्ही मिळून ४०० ते ५०० सांगितले. आजोबांनी ९४०० चे ९००० केले, फार घासाघीस केली नाही, त्यांच्यासमोर तोंडच उघडेना. टॅक्स ७२०, म्हणजे टायर आणि दुरुस्तीला सव्वादोन हजार उरतात. घेतोय.

आता टायरचा प्रश्न. गाडीला १७ इंची रिम आहेत, २२५/६५. टायरवाला म्हणतो हिवाळ्यासाठी १६ च्या साध्या लोखंडी रिमवर घ्या, स्वस्त पडेल. बसतील का?

रानजाई
अभिनंदन! बसतात, याच वर्षीच्या बेस मॉडेलला २१५/७० आर १६ कंपनीतूनच येत होते. थोडे अरुंद असतात, बर्फ कापायला तेच बरं, आणि खड्ड्यात रिम वाकली तरी रडू येणार नाही. डॅशबोर्डवर टायर प्रेशरचा दिवा लागून राहील कारण त्या रिममध्ये सेन्सर नसतील, नवऱ्याला आधीच सांगून ठेवा. थंडीत प्रेशर कमी होतं, तेव्हा साधा गेज घेऊन ठेवा.

खडूस_काका
ऑर्डर या आठवड्यातच करा, पहिला बर्फ पडला की सगळं सिराक्यूज त्या दुकानाबाहेर उभं असतं. आणि टायर बसायच्या आधी खालून लॅनोलिनच्या ऑइलचा कोट मारून घ्या, काळा रबरी नको, तो पाणी आत धरून ठेवतो. दरवर्षी ऑक्टोबरात. कोरोलालाही मारा, टेक्सासची आहे, तिला अजून मीठ लागलेलं नाही.

धागाकर्ती
दोन्हींचं बुकिंग पुढच्या शनिवारी केलं. काका, कोटवाला विचारतोय दाराच्या आतून पण मारायचा का, त्याचे ६० जास्त?

खडूस_काका
रॅव्ह४ ला हो. मागच्या दाराला नक्की, त्यावर स्टेपनी लटकलेली असते.