शंभर युनिटांची सवलत: मीटरला की कुटुंबाला?

सावली (धागालेखिका)

वीजदराचा विषय निघाला की दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते दिल्लीसारखी दोनशे युनिटं फुकट द्या. दुसरी म्हणते कुणालाच काही फुकट देऊ नका. मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे आणि तो घणसोली, तुर्भे, दिवा, कळवा इथल्या भाड्याच्या खोल्यांचा आहे. मी बचत गटांचं काम करते, त्यामुळे या खोल्यांत माझं जाणं-येणं असतं.

आपल्याकडे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. महावितरणच्या 2024-25 च्या दरपत्रकात पहिल्या 100 युनिटांना ऊर्जा आकार (म्हणजे युनिटचा मूळ दर) 4 रुपये 71 पैसे होता, 101 ते 300 ला 10.29, 301 ते 500 ला 14.55 आणि त्यापुढे 16.64. नंतर आकडे बदलले, चढण तशीच आहे. जो कमी वापरतो तो गरीब, जो जास्त वापरतो तो सधन, असं यामागचं गृहीत. एका मीटरवर एकच कुटुंब असेल तर ते बऱ्यापैकी बरोबरही आहे.

पण गावठाणातली इमारत बघा. मीटर घरमालकाच्या नावावर, त्याखाली खोलीखोलीला सबमीटर. समजा एका मीटरवर चार बिऱ्हाडं आहेत आणि प्रत्येकाचा वापर महिन्याला 90 युनिट. चौघांचे मीटर वेगळे असते तर चौघंही पहिल्याच टप्प्यात बसली असती, आणि ऊर्जा आकार सगळ्यांचा मिळून 1,696 रुपये झाला असता. एकाच मीटरवर 360 युनिट पडल्यावर तोच आकार 3,402 होतो. वीज तेवढीच, माणसं तीच, पैसे दुप्पट. दोन दिवे, एक पंखा, एक टीव्ही आणि लहान फ्रिज असलेलं घर तिसऱ्या टप्प्याचा दर भरतं, आणि सरकारच्या कागदावर गरिबाला स्वस्त वीज दिल्याची नोंद होते.

2003 च्या वीज कायद्याचं कलम 43 सांगतं की जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केला की वीज द्यायची. भोगवटादार म्हणजे भाडेकरूसुद्धा. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचं मीटर मिळावं, आणि ते मिळेपर्यंत एका मीटरवर जितकी कुटुंबं तितक्या पटीने टप्पे मोजावेत, म्हणजे चार कुटुंबं असतील तर पहिला टप्पा 400 युनिटांचा. नवी सवलत जाहीर करण्याआधी जुनी तरी पोचवा.

घोडबंदर रोड

असहमत. ज्यांच्या नावावर मीटर आहे आणि जे दर महिन्याला मुकाट्याने बिल भरतात त्यांचा विचार या चर्चांमध्ये कधीच होत नाही. आम्ही घरातला एकूण एक दिवा एलईडी केला, पाच स्टारचा फ्रिज घेतला. घरात आजारी आई आहे, मे महिन्यात तिच्या खोलीत एसी लावावाच लागतो. 300 ओलांडले की पुढचं प्रत्येक युनिट पहिल्या टप्प्याच्या तिप्पट दराने. त्यावर स्थिर आकार (वापर असो-नसो लागणारा), वहन आकार (वीज पोचवण्याचा), इंधन समायोजन (इंधनाच्या बदलत्या खर्चाचं) आणि या सगळ्या बेरजेवर राज्य सरकारचं 16 टक्के वीज शुल्क. खरा दिलासा द्यायचा असेल तर हे शुल्क कमी करा, सगळ्यांनाच मिळेल.

आणि कुटुंबं मोजणार कोण? उद्या माझ्या मजल्यावरचा प्रत्येक जण म्हणेल, माझा मुलगा वेगळा राहतो, स्वयंपाकघर वेगळं आहे, टप्पे दुप्पट करा. एकाच घरात दोन मीटर घेऊन खालच्या टप्प्यात बसायचे प्रकार आजही होतात.

सावली

गैरवापर होईल हे मान्य. पण भाडेकरार असतो, भाडेकरूची पोलीस पडताळणी असते. तेवढे कागद पुरेसे धरता येतील. मुलगा वेगळा दाखवणाऱ्याकडे हे कागद नसतात.

शुल्क कमी करायला माझी हरकत नाही. पण टक्क्यातली सूट ज्याचं बिल मोठं त्याला जास्त मिळते. सहा हजारांच्या बिलावर शुल्क निम्मं केलं तर वाचतील त्या पैशांत खोलीवाल्याचं एक तृतीयांशाहून जास्त बिल भरून होईल. तुमच्या आईच्या एसीला मदत हवी, तर आजारी माणूस असलेल्या घरासाठी वेगळी तरतूद मागा, मी सोबत सही करीन.

आगरी पोर

घरमालक या नात्याने लिहितो, कारण असे धागे शेवटी आमच्यावरच येतात.

पहिलं, हिशेब पूर्ण करा. तुमच्या 3,402 मध्ये वहन आकार धरा, तो युनिटला 1 रुपया 17 पैसे होता. स्थिर आकार धरा, सव्वाशेच्या पुढे. त्यावर 16 टक्के शुल्क. बिल साडेचार हजारांच्या वर जातं, म्हणजे युनिटला साडेबारा रुपयांहून जास्त. मी भाडेकरूंकडून बारा घेतो. जिन्यातला दिवा आणि पाण्याचा पंप माझ्याच खिशातून. घरमालक विजेवर कमावतो असं सरसकट बोललं जातं, ते थांबवा.

दुसरं, मीटर वेगळे का नाहीत. 1970 साली नवी मुंबई वसवायला सिडको आली आणि आमच्या 95 गावांच्या जमिनी शहरासाठी गेल्या. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळावेत म्हणून शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले, 1984 ला जासईच्या आंदोलनात शेतकरी हुतात्मा झाले. शेती गेली, कुटुंबं वाढली, गरजेपोटी घरं बांधली. त्यांचे कागद अजून पूर्ण नाहीत. खोल्यांचं भाडं हेच आता आमचं शेत. खोलीत भाडेकरू अकरा महिने राहतो आणि जातो. मीटर त्याच्या नावावर असलं आणि तो बिल न भरता गेला, तर थकबाकी जागेच्या मागे लागते आणि पुढच्याची जोडणी अडते. खोली रिकामी असली तरी स्थिर आकार चालूच. हे कोण सोसणार?

सावली

तुमचा हिशेब बरोबर आहे आणि माझा मुद्दा त्यानेच पक्का होतो. तुम्ही नफा घेत नाही, तरीही खोलीवाला युनिटला बारा रुपये देतो. म्हणजे दोष दराच्या रचनेतच आहे. चारही मीटर वेगळे धरले, प्रत्येकाचा स्थिर आकार आणि शुल्क लावलं, तरी चौघांचं मिळून बिल तीन हजारांच्या आसपास येतं. महिन्याला दीड हजाराचा फरक. धुणीभांडी करून खोली चालवणाऱ्या बाईसाठी तिच्या वाट्याचे पावणेचारशे रुपये ही मोठी रक्कम आहे.

महापे यूनिट

माझा टीटीसी औद्योगिक पट्ट्यात छोटा कारखाना आहे. कुणाचं मन दुखवायचा हेतू नाही, पण हे पैसे येणार कुठून, ते या धाग्यात अजून कुणी विचारलेलं नाही.

घरगुती पहिला टप्पा पुरवठ्याच्या खर्चाहून स्वस्त असतो. तूट भरून निघते वरच्या टप्प्यांतून, दुकानांतून आणि आमच्यासारख्या उद्योगांतून. या तुटीत शेतीचाही वाटा आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्याने 2024 पासून मोफत वीज दिली, ती निदान सरकारने पैसे भरून दिली. वीज कायद्याचं कलम 61 म्हणतं क्रॉस सबसिडी, म्हणजे एकाची सवलत दुसऱ्याच्या बिलातून काढणं, कमी करत न्या. 2016 चं दर धोरण म्हणतं की दर सरासरी पुरवठा खर्चाच्या 20 टक्के वर-खाली या मर्यादेत आणा. तुम्ही टप्पे चौपट केलेत की पहिल्या टप्प्यातली युनिटं वाढणार, तूट वाढणार, आणि पुढच्या दरवाढीत ती माझ्या यंत्रांवर येणार. माझ्याकडे कामाला येणारी पोरं त्याच खोल्यांत राहतात. त्यांचं बिल कमी करून त्यांची नोकरी घालवू नका.

सावली

ही पोरं आज वरच्या टप्प्यात आहेत, म्हणजे तूट भरून काढणाऱ्यांत तीही आहेत. अजाणता. ज्यांना सवलत मिळायला हवी तेच लोक सवलतीचा खर्च उचलतायत. त्यांना त्या रांगेतून बाहेर काढणं म्हणजे नवं काही वाटणं नव्हे.

महापे यूनिट

न्यायाने तसं असेल, हिशेबाने नाही. आज ते पैसे जमा होतायत, उद्या होणार नाहीत. मग कलम 65 लावा. सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर तिची रक्कम आगाऊ भरायची, असं ते कलम सांगतं. विधिमंडळात अर्थसंकल्पात दाखवा, मग माझा विरोध नाही. दरपत्रकात लपवून द्यायला आहे.

नेरुळ सेक्टर दहा

निवृत्त विद्युत अभियंता. दोन्ही बाजू युनिटची किंमत धरून बसल्यात, युनिट खर्च कशावर होतात ते कुणी बघत नाही.

दहा बाय बाराच्या खोलीत पंखा सतरा-अठरा तास फिरतो, कारण खिडकीला वारा नसतो. जुना पंखा 75 वॉटच्या आसपास घेतो, कमी वीज खाणारा नव्या मोटरचा बीएलडीसी पंखा 30. रोज 18 तास धरले तर महिन्याला 24 युनिट वाचतात. बारा रुपयांनी 288 रुपये. अडीच-तीन हजारांचा पंखा वर्षाच्या आत फिटतो. खोलीवाला तो घेत नाही, कारण एकरकमी तीन हजार हातात नसतात. घरमालक घेत नाही, कारण बिल त्याचं नाही. सरकारने या फटीत हात घालावा.

हे होऊ शकतं याचा दाखला आहे. 2015 ला स्वस्त एलईडी बल्बांची उजाला योजना आली. मोठ्या प्रमाणावर एकत्र खरेदी केल्यामुळे एलईडी बल्बचा खरेदीदर 2014 मधल्या 310 रुपयांवरून 2016 पर्यंत 38 रुपयांवर उतरला. बल्ब बिलाच्या हप्त्यातही मिळत होता. पंख्यांवर स्टार लेबल 2023 च्या जानेवारीपासून सक्तीचं आहे, पण एक स्टारचा पंखाही विकता येतो आणि भाड्याच्या खोलीत स्वस्तातलाच लागतो. पंखा हप्त्यावर द्या, हप्ता वाचलेल्या पैशांपेक्षा कमी ठेवा. यात महापेच्या कारखान्यावर एक पैसाही बोजा येत नाही, उलट संध्याकाळचा महाग भार हलका होतो.

छपरावर सौर पॅनेल बसवायच्या सूर्यघर योजनेचं म्हणाल तर पहिल्या दोन किलोवॉटना 30-30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, असं एकूण 78 हजारांचं अनुदान आहे. सोसायट्यांना सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18 हजार. चांगली योजना, माझ्या सोसायटीने घ्यावी म्हणून मी मागे लागलोय. पण तिला आधी छप्पर लागतं. खोलीवाल्याच्या डोक्यावरचं छप्पर त्याचं नसतं.

शिवणकाम

मी अशाच खोलीत राहते, म्हणून लिहिते. दिवसभर मशीन आणि इस्त्री चालते. 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर युनिटला 80 पैसे ते 1 रुपया सूट सुरू झाली. माझं सगळं काम त्याच वेळात. पण सबमीटरला घड्याळ नाही. सूट मुख्य मीटरच्या बिलात जमा होते आणि चौघांत विरघळते, संध्याकाळी सातला घरी येणाऱ्यालाही ती सारखीच मिळते. मालक चांगले आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

पंख्याचं पटलं तरी मला आधी मीटर हवं. पंखा हप्त्यावर द्यायचा तर हप्ता कुणाच्या बिलात लावणार? माझ्या नावाचं बिलच नाही. माझ्या नावाने सरकारी कागदावर वीज जळतच नाही. बिल असलं की पत्त्याचा पुरावा होतो, मुलाच्या शाळेला लागतो, बँकेला लागतो.

नेरुळ सेक्टर दहा

ताई, हा मुद्दा वजनदार आहे. मीटरशिवाय हप्ता वसूल होणार नाही. क्रम तुमचाच बरोबर.

घोडबंदर रोड

शिवणकाम यांचं वाचून मीटरच्या मागणीला माझा पाठिंबा. टप्पे पटीने मोजायला मात्र अजूनही विरोध. मीटर द्या, पळवाट नको.

आगरी पोर

मी माझ्या सगळ्या खोल्यांचे अर्ज भरायला तयार आहे, पण दोन गोष्टी लेखी हव्यात. भाडेकरू गेला तर त्याची थकबाकी त्याच्या अनामत रकमेतून वळती करा, पुढच्याची जोडणी त्यासाठी अडवू नका. आणि जोडणी घेतली म्हणून बांधकाम नियमित झालं असं आम्ही म्हणणार नाही, तसंच जोडणीच्या अर्जावरून घर अनधिकृत ठरवून नोटीसही येता कामा नये. गावात लोक अर्ज करत नाहीत ते या दुसऱ्या भीतीने. बाकी कुणाला वाटतं तसं आम्हाला लोकांचं मीटर दाबून ठेवण्यात काही मिळत नाही.

सावली

दोन्ही अटी निवेदनात घालते. थकबाकीचा मुद्दा वीज नियामक आयोगाकडे जाईल, त्यांची जनसुनावणी नवी मुंबईतही होते. नोटिशीचा मुद्दा सिडको आणि महापालिकेकडे. पटीने टप्पे मोजायची मागणी मी काढणार नाही, फक्त तिला मुदत घालते: अर्ज केल्यापासून मीटर बसेपर्यंतच. म्हणजे घोडबंदरची पळवाटीची भीती राहत नाही आणि मीटर वेळेत बसवायची घाई पुरवठादारालाही होते.

महापे यूनिट

त्या मुदतीतला खर्च कलम 65 प्रमाणे सरकारने भरावा, हे वाक्य त्यात असेल तर टीटीसीतल्या आणखी काही जणांकडे सहीसाठी पाठवतो. नसेल तर मी वेगळं निवेदन देईन.

सावली

मसुदा रविवारी इथेच टाकते. वाक्य असेल. शब्द तुम्ही तपासा.