मदत हवी आहे: आयएटीएफ १६९४९, छोट्या मशीन शॉपनं सुरुवात कुठून करावी?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही सीएनसी-व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) मशिनिंग करून पुण्याकडच्या टिअर-वन कंपनीला (वाहन कंपनीला थेट माल पुरवणाऱ्या) माल देतो. आयएसओ ९००१:२०१५ आहे. आता कस्टमरनं सांगितलंय, नवीन पार्ट पाहिजे असतील तर आयएटीएफ १६९४९:२०१६ (वाहन उद्योगातल्या सप्लायरसाठीचं क्वालिटी स्टँडर्ड) करून घ्या. चांगलं काम हातचं जाऊ द्यायचं नाही, आणि करायचंच तर मनापासून करायचं आहे.

एक कन्सल्टंट भेटले. म्हणाले, "दोन महिन्यांत सर्टिफिकेट काढून देतो. मागचा डेटा मी तयार करतो, ऑडिटला उत्तरंही मीच देतो." मला हे पटलेलं नाही. खोटे आकडे भरलेल्या फायली उद्या रिजेक्शन आलं की काय कामाच्या? पण दुसरीकडे मुदतीचीही काळजी आहे. खरंच किती वेळ धरावा?

दुसरं, एमएसए, म्हणजे आपलं मोजमाप किती भरवशाचं आहे ते तपासणं. आमच्या पार्टला ५२ एच७ चा बोअर (५२ मिमीचं, एच७ टॉलरन्सचं भोक) आहे, म्हणजे सगळी मिळून ३० मायक्रॉनची सूट. डायल बोअर गेजनं तीन ऑपरेटरकडून दहा पार्ट मोजून घेतले, तर जीआरआर (गेज आणि मोजणाऱ्यामुळे रीडिंगमध्ये पडणारा फरक) ३० टक्क्यांच्या वर जातोय. शेजारी उभं राहून बघितलं. एकजण गेज बोअरमध्ये नीट झुलवून सगळ्यात कमी रीडिंग घेतो, दुसरा घातला की लगेच वाचतो. काही पार्ट मशीनवरून काढलेले, हाताला गरम लागत होते. एअर गेज (हवेच्या दाबानं मोजणारं) घ्यावं का? छोट्या शॉपला तो खर्च मोठा आहे.

तिसरं, ड्रॉइंग कस्टमरचं असतं. मग डिझाइनचा भाग वगळता येतो ना?

आणि कंटिन्जन्सी प्लॅनमध्ये (अडचण आली तर काय करायचं त्याच्या योजनेत) पुराचं काय लिहायचं? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं. शहरातले ऑपरेटर इकडे येईनात, कास्टिंगची गाडीही नदीपलीकडे अडकली.

जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

दादा, त्या कन्सल्टंटांना नमस्कार करा आणि सोडून द्या. आयएटीएफच्या नियमात कन्सल्टंटला ऑडिटच्या वेळी साइटवर थांबताच येत नाही. ऑडिटर थेट तुमच्या ऑपरेटरला विचारणार. शिवाय परफॉर्मन्सचा किमान १२ महिन्यांचा डेटा, इंटर्नल ऑडिटची पूर्ण फेरी आणि मॅनेजमेंट रिव्ह्यू लागतो. त्यामुळे रिजेक्शन, डिलिव्हरी, कस्टमर तक्रारी यांची नोंद आजपासून चालू करा आणि कस्टमरला तारखांसकट प्लॅन द्या. प्लॅन हातात असला की मुदतीबद्दल बोलता येतं. सर्टिफिकेशन बॉडी (सर्टिफिकेट देणारी संस्था) मात्र आयएटीएफच्या मान्यताप्राप्त यादीतलीच बघा.

डिझाइनचं म्हणाल तर फक्त प्रॉडक्ट डिझाइन वगळता येतं. प्रोसेस डिझाइन तुमचंच. प्रोसेस फ्लो, पीएफएमईए (प्रोसेसमध्ये काय चुकू शकतं त्याची यादी), कंट्रोल प्लॅन (कुठे काय तपासायचं ते) सगळं लागणार, आणि तिन्ही एकमेकांशी जुळलेलं पाहिजे. पीएफएमईएत बोअर ओव्हरसाइजची जोखीम आहे आणि कंट्रोल प्लॅनमध्ये त्याची तपासणीच नाही, असं ऑडिटर पहिल्या तासात पकडतात.

प्रतिसाद २

एअर गेजची घाई नको. जीआरआरचे दोन भाग वेगळे काढून बघा. रिपीटॅबिलिटी (एकाच माणसाची रीडिंग पुन्हा तीच येणं) खराब असेल तर आधी गेजवर संशय घ्या, रिप्रोड्युसिबिलिटी (वेगवेगळ्या माणसांची रीडिंग जुळणं) खराब असेल तर मोजण्याच्या पद्धतीवर. तुम्ही सांगताय त्यावरून मोजण्याच्या पद्धतीचाच घोळ दिसतोय. पार्ट थंड होऊ द्या, मास्टर रिंगवर (अचूक माप माहीत असलेल्या रिंगवर) गेजचं सेटिंग करा, तिघांना एकच पद्धत शिकवा आणि परत घ्या. दहा पार्टही वेगवेगळ्या शिफ्टचे निवडा. एकाच लॉटचे सारखे पार्ट घेतले आणि टक्केवारी प्रोसेस व्हेरिएशनवर काढली, तर ती उगाच फुगते. १० टक्क्यांच्या आत आलं तर उत्तम, १० ते ३० मध्ये असेल तर कस्टमरशी बोलून घ्या.

पुराचं जे घडलं तेच लिहा. पावसाळ्याआधी कास्टिंगचा साठा नदीच्या शिरोलीकडच्या बाजूला ठेवायचा, शिरोली-हातकणंगले भागातल्या ऑपरेटरना त्या बोअरचं मशिनिंग करायला शिकवून ठेवायचं. आणि प्लॅन नुसता लिहून चालत नाही, ठरावीक काळानं त्याची चाचणी घेऊन नोंद ठेवावी लागते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. उद्या शिफ्ट सुरू होताना तिघांना मास्टर रिंग घेऊन बसवतो. कन्सल्टंटना 'नको' असं कळवतोय. आता एकच राहिलं. इंटर्नल ऑडिटरला कोअर टूल्स (पीएफएमईए, एमएसए यांसारख्या पद्धती) यायला पाहिजेत असं वाचलं. आमच्या क्वालिटीच्या मुलाला पाठवायचं आहे. असं ट्रेनिंग कोल्हापुरातच कुठे होतं, की पुण्यालाच जावं लागेल?