हरिहरेश्वर ते गुहागर सायकलने: पाट्यांचा अर्थ काय लावायचा?

प्रश्न: सागरी मार्गाने जायचंय. मैलाच्या दगडांचे रंग वेगवेगळे का? महामार्गावर काही दगडांवर १७, काहींवर ६६ का? आणि त्रिकोणात पाण्यात कोसळणारी मोटार, ती पाटी कसली?

खाडीकाठ: दगडाचा माथा बघा. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग. १७ आणि ६६ एकच, आकडे 2010 मध्ये बदलले, जुने दगड तसेच राहिले. ६६ दिसला तर समजा, किनारा सोडून पार आत गेलात!

जांभा: मोटारवाली पाटी म्हणजे पुढे बोटीचा धक्का किंवा नदीकाठ. ती गमतीत घेऊ नका. ओहोटीला धक्क्याचा उतार उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं आणि ब्रेक दाबला की मागचं चाक सरकतं. उतरून, सायकल हातात धरूनच चाला. तुमच्या वाटेवर दोन फेरीबोटी: बागमांडला-वेसवी आणि दाभोळ-धोपावे. शेवटची फेरी किती वाजता, ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

खाडीकाठ: बोटीत खारं पाणी उडतं. मुक्कामी गोड्या पाण्याने धुवा, साखळी पुसून तेल द्या.

दोन_चाकं: तीव्र उताराची पाटी दिसली की वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात नको. वळणाच्या आतल्या कडेला बारीक खडी साचते. टायर निदान 32 मिमी. चढाला पुढे पेडलच्या चक्रीला 34 आणि मागच्या चाकाच्या चक्रीला 34 दात असले तर भरल्या पिशव्यांसकट निभतं. पुढे 50 दातांची एकच चक्री असेल तर, दादा, ढकलायची तयारी ठेवा.